पोस्टग्रेसचें दप्तर आणि नवा उमेदवार

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्यांत माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनांत प्रथम उभा राहील, आणि तो रास्तच आहे. मी मॅट्रिक झालेला एक मास्तर. माझें आयुष्य खडू, फळा आणि तांबडी शाई यांच्या सहवासांत गेलें. संगणकाशीं माझा संबंध आला तो निवृत्तीनंतर, आणि तोहि घरांतील एका लहानशा प्रसंगामुळें.

गणपतीच्या दिवसांत माझा पुतण्या पुण्याहून घरीं आला होता. आरतीला उभा राहिला, मोदक खाल्ले, पण त्याचा चेहरा उतरलेला. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "काका, एका मोठ्या सार्वजनिक कामांत मीं थोडी दुरुस्ती करून पाठविली होती. ती परत आली. अकरा आक्षेप आहेत. हें माझ्या आवाक्यांतलें काम नव्हे. मी सोडून देतों." मीं त्याला ते आक्षेप दाखविण्यास सांगितलें. त्यांतील यंत्रविद्या मला कळली नाहीं. परंतु आक्षेपांची पद्धत फार ओळखीची वाटली. निबंधाच्या वहीवर मी स्वतः असेंच कांहीं लिहीत असें. मग मीं त्याला म्हटलें, "सोडायचें कीं नाहीं तें मागाहून ठरवूं. आधीं मला हें काम काय आहे तें समजावून दे." त्यानंतर कित्येक रविवार आम्ही दोघे त्या कामांत घालविले. त्यांतून मला जें उमगलें, तेंच आज आपल्यापुढें मांडतों.

त्या कामाचें नांव पोस्टग्रेस. त्याचें पुरतें नांव पोस्टग्रेस-क्यू-एल असें आहे. पण तोंडांत बसलेलें नांव पोस्टग्रेस हेंच. हा एक डेटाबेस, म्हणजे माहितीचें दप्तर सांभाळणारा प्रोग्रॅम. तिकिटांची आगाऊ नोंद, दुकानाचा हिशेब, शाळेचा दाखला अशी कोणतीहि नोंद संगणकावर ठेवावयाची म्हटली म्हणजे ती नीट रचून ठेवणारा, मागतां क्षणीं काढून देणारा आणि दिवे गेले तरी न हरवणारा एक कारकून लागतो. पोस्टग्रेस हा तसा कारकून होय.

त्याची वंशावळ थोडक्यांत अशी. इ.स. 1970 मध्यें आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड या गणितज्ञानें, सर्व माहिती साध्या तक्त्यांच्या रूपानें मांडावी व ती कोठें आणि कशी ठेवली आहे याची चिंता मागणाऱ्यानें करूं नये, असा सिद्धांत मांडला. तो सिद्धांत प्रत्यक्षांत उतरविण्यासाठीं अमेरिकेंत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं इन्ग्रेस नांवाचा डेटाबेस रचला. पुढें 1986 सालीं त्यांनींच नवा प्रयोग आरंभिला. तो इन्ग्रेसनंतरचा म्हणून पोस्टग्रेस. 1994 मध्यें अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनीं त्यास एस-क्यू-एल या सर्वमान्य भाषेची जोड दिली, आणि 1996 पासून विद्यापीठाबाहेरच्या स्वयंसेवकांनीं तें काम आपल्या अंगावर घेतलें. स्टोनब्रेकर यांस 2014 सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. त्यांनीं लावलेलें रोप मात्र केव्हांच सार्वजनिक बागेंत गेलें होतें.

सार्वजनिक म्हणण्याचें कारण असें कीं, या प्रोग्रॅमचा कोड, म्हणजे मूळ लिखाण, कोणासहि वाचतां येतो, वापरतां येतो व बदलतांहि येतो. त्याबद्दल एक पैहि द्यावी लागत नाहीं. पुष्कळ कंपन्या आपल्या नोकरांस पगार देऊन या कामाला बसवितात हें खरें. परंतु पोस्टग्रेस कोणत्याहि एका कंपनीच्या मालकीचा नाहीं. गांवच्या पाणवठ्यावर जसा सर्वांचा हक्क, आणि गाळ काढण्याची जबाबदारीहि सर्वांची, तसाच हा प्रकार आहे. आतां प्रश्न असा कीं, नव्या माणसानें या गाळ काढण्याच्या कामांत शिरावें कसें?

पहिली अडचण आकाराची. हें लिखाण सी नांवाच्या भाषेंत असून त्याच्या ओळी दहा लाखांहून अधिक भरतात. दहा लाख ओळी पहिल्या ओळीपासून वाचूं लागणारा मनुष्य कधींच तडीस जात नाहीं. माझ्या पुतण्याची पहिली चूक हीच होती. तो प्रत्येक फाइल क्रमानें वाचावयास बसला आणि आठव्या दिवशीं कंटाळला. नव्या शहरांत गेलेला मनुष्य सर्व गल्ल्या पाठ करीत नाहीं; तो स्टेशनापासून आपल्या मुक्कामापर्यंतचा एक रस्ता पक्का करतो, आणि मग त्या रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या त्याला आपोआप ओळखूं येतात. येथेंहि तसेंच करावें. एकच साधा प्रश्न घ्यावा आणि तो डेटाबेसच्या पोटांतून कोणत्या वाटेनें जातो, हें पाहावें.

समजा, आपण विचारलें, "सातवीच्या वर्गांतील मुलांचीं नांवें दे." या प्रश्नाचा प्रवास चार-पांच टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यास पार्सर म्हणतात. तो वाक्याचें व्याकरण तपासतो. आपण शाळेंत वाक्यपृथक्करण करीत असूं, तेंच तो करतो, आणि वाक्याचें एक झाड उभें करतो. त्यानंतर अर्थाची तपासणी होते: "मुलें" नांवाचा तक्ता खरोखर आहे काय, त्यांत "वर्ग" नांवाचा रकाना आहे काय. तिसऱ्या टप्प्यांत, कोणीं नियम घालून ठेवले असतील तर त्यांप्रमाणें प्रश्न पुन्हां लिहिला जातो. चौथा टप्पा प्लॅनरचा. हा फार हुशार मुत्सद्दी. उत्तर मिळविण्याच्या अनेक वाटांपैकीं स्वस्त वाट कोणती, हें तो ठरवितो. शेवटीं एक्झिक्यूटर ती वाट प्रत्यक्ष चालून उत्तर आणतो. मूळ लिखाणाचे विभागहि याच टप्प्यांच्या नांवांनीं पाडलेले आहेत. म्हणून ज्याला एक प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत नेतां आला, त्याला अर्ध्या वाड्याच्या किल्ल्या मिळाल्या असें समजावें.

प्लॅनरबद्दल दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण मला स्वतःला त्याचें कौतुक वाटलें. जाड पुस्तकांत एखादा शब्द शोधावयाचा असेल तर आपण शेवटची सूची पाहतों. पण तो शब्द प्रत्येक पानावर येत असेल तर? मग सूचीचा उपयोग उलटा त्रासाचा. सरळ पानें उलटीत जाणेंच बरें. प्लॅनर हाच हिशेब आंकड्यांनीं करतो. ओळीनें एक पान वाचण्याचा खर्च तो 1 धरतो, आणि मध्येंच कोठलें तरी पान उघडण्याचा खर्च 4. तक्त्यांत कोणती गोष्ट किती वेळां येते याचा अंदाज तो आधींच घेऊन ठेवतो. त्यासाठीं सर्व तक्ता न वाचतां, नेहमींच्या मांडणींत 30,000 ओळींचा नमुना घेतला जातो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. आपल्या प्रश्नापूर्वीं "एक्स्प्लेन" हा एक शब्द लिहिला, कीं प्लॅनर आपली निवडलेली वाट उघड करून दाखवितो. नव्या उमेदवारानें रोज दहा प्रश्न करून हा शब्द वापरावा. वाचनापेक्षां त्यानें अधिक शिकणें होतें.

आतां दप्तर ठेवलें जातें कसें तें पाहूं. येथें माझ्या शाळेचा अनुभव मला उपयोगीं पडला. शाळेंत जनरल रजिस्टर नांवाचें एक पुस्तक असतें. त्यांत मुलाचें नांव, जन्मतारीख, जात, दाखल झाल्याचा दिवस हीं लिहिलेलीं असतात. त्या पुस्तकांत खाडाखोड करावयाची नाहीं, असा दंडक. जुनी नोंद दिसेल अशी ठेवून, तांबड्या शाईनें नवी लिहावयाची व सही करावयाची. पोस्टग्रेसहि असेंच करतो. एखाद्या मुलाचा पत्ता बदलला तर तो जुनी ओळ पुसत नाहीं. नवी ओळ लिहितो. प्रत्येक ओळीच्या कपाळावर दोन आंकडे असतात: ही ओळ कोणत्या व्यवहारानें जन्मास आली आणि कोणत्या व्यवहारानें बाद झाली. त्यामुळें एक मनुष्य नोंद बदलीत असतां दुसरा मनुष्य निर्धास्तपणें जुनी नोंद वाचूं शकतो. कोणी कोणाची वाट अडवीत नाहीं.

याची किंमत अर्थातच द्यावी लागते. बाद ओळींचा ढीग सांचत जातो. तो काढण्यासाठीं व्हॅक्यूम नांवाचें झाडलोटीचें काम वेळोवेळीं चालवावें लागतें. एक पान 8,192 बाइटांचें असतें आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावरील मजकुरालाच 23 बाइट लागतात. हे आंकडे नुसते पाठ करण्याचे नव्हेत. एखाद्यानें "ओळीच्या डोक्यावर आणखी एक आंकडा ठेवूं या" अशी सूचना केली, तर जगांतील प्रत्येक दप्तरांतील प्रत्येक ओळ त्यानें फुगेल. लहान दिसणारी दुरुस्ती किती महाग पडूं शकते, हें नवख्यास येथें प्रथम कळतें.

दुसरी गोष्ट रोजकीर्दीची. जुने व्यापारी व्यवहार होतांच आधीं रोजकीर्दींत टिपून ठेवीत आणि मग सवडीनें खतावणी करीत. दुकानास आग लागली, खतावणी जळाली, पण रोजकीर्द वांचली, तर सर्व हिशेब पुन्हां उभा करतां येई. पोस्टग्रेसचा नियम अगदीं हाच. बदलाची टीप आधीं रोजकीर्दींत, म्हणजे त्यांच्या भाषेंत वॉल-मध्यें, पक्की झाली पाहिजे. त्यानंतरच मूळ पान तबकडीवर लिहावयाचें. मध्येंच वीज गेली, तर पुन्हां सुरू होतांना प्रोग्रॅम रोजकीर्द वाचून दप्तर जागेवर आणतो.

परंतु रोजकीर्द तरी खरोखर तबकडीवर उतरली कीं नाहीं, हें कसें समजावें? त्यासाठीं प्रोग्रॅम संगणकाच्या मूळ व्यवस्थेस विचारतो, "लिहिलें काय?" आणि "होय" असें उत्तर आल्यावर पुढें जातो. या एका प्रश्नोत्तरांत मोठा घोटाळा दडलेला होता, तो 2018 सालीं उघडकीस आला. तबकडी बिघडून पहिलें उत्तर "नाहीं" असें आलें, तर पोस्टग्रेस पुन्हां विचारी. आणि लिनक्ससारख्या व्यवस्था दुसऱ्या वेळीं "होय" म्हणत, जरी तें पान तबकडीवर गेलेलेंच नसे. पहिल्या अपयशानंतर व्यवस्था त्या पानाचें काम संपलें असें समजून मोकळी होई. वर्षानुवर्षें जाणत्या लोकांनीं धरून चाललेलें गृहीत चुकीचें ठरलें. 2019 च्या फेब्रुवारींत दुरुस्ती प्रसिद्ध झाली: आतां पहिलें "नाहीं" ऐकतांच प्रोग्रॅम स्वतःस बंद करतो आणि रोजकीर्दीवरून पुन्हां उभा राहतो. खोट्या भरंवशापेक्षां उघड पडझड बरी, हा त्यांतील धडा. ही हकीकत मीं पुतण्याकडून ऐकली, तेव्हां त्याला म्हटलें, "बाबा रे, ज्यांनीं हें काम उभें केलें त्यांच्याहि हातून चुका होतात. तुझ्या अकरा आक्षेपांचें एवढें काय घेऊन बसलास?"

आतां प्रत्यक्ष कामाच्या पायऱ्या सांगतों.

पहिली पायरी, मूळ लिखाण आपल्या संगणकावर आणून त्यापासून चालता प्रोग्रॅम तयार करणें. हें करतांना चुका पकडणारीं खबरदारीचीं वाक्यें जागीं ठेवावीं. तीं नेहमींच्या वापरांत मिटलेलीं असतात. मग "मेक चेक" ही आज्ञा द्यावी. दोनशेंहून अधिक परीक्षा एकामागून एक होतात. प्रत्येक परीक्षेचें अपेक्षित उत्तर आधींच लिहून ठेवलेलें असतें, आणि आलेलें उत्तर त्याच्याशीं अक्षरशः ताडून पाहिलें जातें. मास्तरास याहून परिचित असें काय असणार?

दुसरी पायरी, चालतें यंत्र थांबवून पाहणें. पोस्टग्रेसशीं जो कोणी बोलूं लागतो, त्याच्या दिमतीस एक स्वतंत्र कारकून, म्हणजे स्वतंत्र प्रोसेस, दिला जातो. डीबगर नांवाच्या साधनानें त्या एका कारकुनास हव्या त्या ओळीवर थांबवितां येतें आणि त्याच्या हातांत त्या क्षणीं काय आहे तें पाहतां येतें. वर सांगितलेला "सातवीच्या मुलांचा" प्रश्न अशा रीतीनें थांबत थांबत एकदां चालवावा. पुतण्या सांगतो कीं, महिनाभराच्या वाचनानें जें कळलें नव्हतें, तें दोन रात्रींत कळलें.

तिसरी पायरी, टिपा वाचणें. या लिखाणांत निरनिराळ्या विभागांच्या आरंभीं रीडमी नांवाच्या फाइली आहेत. प्लॅनरच्या विभागांतील रीडमी तर एक लहानसा प्रबंधच आहे. आज्ञांच्या मध्यें मध्यें लेखकांनीं साध्या इंग्रजींत कारणें लिहून ठेवलीं आहेत. शिवाय प्रत्येक ओळ कोणीं, केव्हां आणि कां बदलली याचा इतिहास 1996 पर्यंत मागें जाऊन पाहतां येतो. एखादी ओळ विचित्र दिसली तर ती मूर्खपणाची आहे असें ठरविण्यापूर्वीं तिचा इतिहास पाहावा. बहुतेक वेळां कोणाचा तरी पाय तेथें घसरलेला असतो, आणि ती ओळ म्हणजे त्या घसरलेल्या जागीं ठेवलेला दगड असतो.

चौथी पायरी, दुसऱ्याचें काम तपासणें. हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल; नवख्यानें जाणत्यांचें काम काय तपासावें? पण येथें तशी रीतच आहे. जो आपली दुरुस्ती पाठवितो, त्यानें तितक्याच तोलाची दुसऱ्या कोणाची तरी दुरुस्ती तपासावी, अशी अपेक्षा असते. दुसऱ्याची दुरुस्ती आपल्या संगणकावर बसवावी. ती म्हणते तें खरोखर घडतें काय पाहावें. रिकामा तक्ता, फार मोठा आंकडा, अर्धवट तोडलेलें काम असे आडवाटेचे प्रयोग करावे. यास थोर विद्वत्ता लागत नाहीं, चिकाटी लागते. आणि तपासणारे नेहमींच कमी पडतात.

पांचवी पायरी, स्वतःची लहान दुरुस्ती. तिला पॅच म्हणजे ठिगळ म्हणतात. एका ठिगळांत एकच गोष्ट असावी. तिच्याबरोबर परीक्षा जोडावी, माहितीपुस्तकांतील मजकूर बदलावा, आणि ही गोष्ट कां हवी हें प्रथम सांगावें. भाषेचेहि नियम आहेत. चूक दाखविणारा मुख्य संदेश लहान अक्षरानें सुरू व्हावा व त्याच्या शेवटीं पूर्णविराम नसावा. मात्र त्याखालील खुलासा किंवा सूचना हीं पूर्ण वाक्यें असावीं, आणि त्यांस पूर्णविराम हवाच. पुतण्याच्या अकरा आक्षेपांपैकीं दोन नुसते याबद्दलचे होते. "पूर्णविरामासाठीं कोणी काम परत पाठवितो काय?" असें तो चिडून म्हणाला. मीं त्याला म्हटलें, "मीं पाठविलें आहे. पुष्कळदां."

पाठविलेल्या ठिगळाचें पुढें काय होतें? तें सर्वांस दिसेल अशा उघड पत्रव्यवहारांत मांडलें जातें. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असे वर्षांतून पांच महिने तपासणीसाठीं राखलेले असतात. त्या काळांस कमिटफेस्ट म्हणतात. मूळ लिखाणांत प्रत्यक्ष बदल करण्याचा अधिकार जगभर मिळून सुमारें तीस लोकांस आहे. त्यांपैकीं कोणाचें तरी समाधान झालें म्हणजे बदल आंत जातो. मग अनेक देशांतील स्वयंसेवकांचे निरनिराळ्या जातींचे संगणक तो बदल घेऊन सर्व परीक्षा पुन्हां करतात. या समूहास बिल्डफार्म म्हणतात, आणि गंमत अशी कीं, त्यांतील प्रत्येक संगणकास एखाद्या प्राण्याचें नांव दिलेलें असतें. आपल्या घरच्या यंत्रावर बिनतक्रार चाललेलें काम त्या गोठ्यांतील एखाद्या प्राण्यावर अडखळतें, आणि लगोलग दुरुस्तीची धांवपळ होते. अशा रीतीनें दर वर्षीं, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, नवी मोठी आवृत्ति बाहेर पडते, व ती पांच वर्षें सांभाळली जाते.

आंत गेलेलें कामहि कायम राहीलच असें नाहीं. मर्ज नांवाची एक आज्ञा आहे. एका तक्त्यांतील ओळी दुसऱ्यांत मिळवितांना, असेल ती बदलावी व नसेल ती घालावी, असें तिचें काम. 2018 मध्यें ती मूळ लिखाणांत घेतली गेली, आणि रचनेवर गंभीर आक्षेप आल्यामुळें त्याच एप्रिलमध्यें काढूनहि घेण्यांत आली. अखेरीस ती लोकांच्या हातीं पडली 2022 च्या ऑक्टोबरांत, पंधराव्या आवृत्तींत. अनुभवी लोकांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या कामाची ही कथा. परत येणें म्हणजे हाकलून देणें नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

आपल्याकडील मनुष्यानें यांत काय करावें, असें कोणी विचारील. मीं पुतण्याला एके दिवशीं सहज विचारलें, "तुमचा हा कारकून हजेरीपट नीट लावतो काय?" आम्हीं कांहीं आडनांवें घातलीं. काळे आधीं आले आणि कासार मागून. मी म्हटलें, "चूक. आपल्या वर्णमालेंत ळ हा ह च्या नंतर येतो. कासार आधीं पाहिजेत." शोध केला तेव्हां कळलें कीं, संगणकाच्या अक्षरांकांत ळ हें अक्षर ल च्या लगेच पुढें बसविलेलें आहे, आणि आम्हीं भाषेचा नियम न सांगतां नुसता अक्षरांकांचा क्रम मागितला होता. भाषेभाषेचे क्रम जाणणारा आय. सी. यू. नांवाचा निराळा संग्रह आहे. 2017 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस त्याचा आधार घेऊं शकतो. त्यांतील मराठीचा नियम मागतांच कासार आपल्या जागीं गेले. यांत दोन धडे आहेत. तक्रार करण्यापूर्वीं दोष आपल्या मागण्यांत आहे काय तें पाहावें. आणि खरा दोष सांपडलाच, तर तो या घरचा कीं शेजारच्या घरचा, हें आधीं ठरवावें. आपली भाषा, आपलीं नांवें, आपले हिशेब घालून अशा परीक्षा घेणें हें आपणच करूं शकतों. तें दुसरा कोण करणार? विद्येचें म्हणाल, तर जगभर वाचल्या जाणाऱ्या "डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स" या पाठ्यपुस्तकाच्या तीन लेखकांपैकीं एक, एस. सुदर्शन, यांनीं मुंबईच्या आय. आय. टी. मध्येंच अध्यापन केलेलें आहे. तेव्हां ही विद्या आपल्या दारापासून फार दूर नाहीं.

आतां शेवटीं थोडें स्वतःबद्दल बोलतों, कारण त्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. माझ्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत एका मुलानें मला आठ पानांचा निबंध लिहून दिला होता. सांगितलेला नव्हता, आपल्या मनानें लिहिला होता. मीं तो तांबड्या शाईनें रंगवून परत दिला. प्रत्येक खूण बरोबर होती. पण त्या मुलानें पुन्हां कधीं आपण होऊन कांहीं लिहिलें नाहीं, आणि तें माझ्या ध्यानांत आलें तेव्हां तो शाळा सोडून गेलेला होता. पुढें पुष्कळ वर्षें मला वाटत असे कीं, माझ्या हातून चूक झाली ती शाई वापरण्यांत. पुतण्याचे ते आक्षेप वाचतांना मला कळलें कीं, चूक शाईची नव्हती. मीं खुणा करून वही परत दिली आणि वर्गाबाहेर गेलों. "उद्यां पुन्हां लिहून आण, मी पुन्हां वाचीन," एवढें म्हटलें नाहीं. त्या अकरा आक्षेपांच्या शेवटीं तपासणाऱ्यानें लिहिलें होतें कीं, पुढची प्रत आली म्हणजे मी पाहीन. माझ्या पुतण्यानें अकरा ओळी वाचल्या होत्या. ही बारावी वाचलीच नव्हती.

ती मीं त्याला वाचून दाखविली. त्याचें तें पहिलें ठिगळ पुढें स्वीकारलें गेलें काय? नाहीं. तिसऱ्या प्रतीनंतर त्याच्या स्वतःच्याच लक्षांत आलें कीं, ती सोय दुसऱ्या मार्गानें आधींच मिळते, आणि त्यानें तें आपण होऊन मागें घेतलें. परंतु मध्यंतरीं त्यानें एका अनोळखी माणसाचें ठिगळ तपासलें, रिकाम्या तक्त्यावर तें कोसळतें असें दाखवून दिलें, आणि तें दुरुस्त होऊन आंत गेलें तेव्हां नोंदीच्या तळाशीं तपासणारा म्हणून याचें नांव लागलें. एक ओळ. ती दाखविण्यासाठीं तो पुण्याहून रात्रीच्या गाडीनें आला.

श्रोतेहो, आपल्या घरांतहि कोणी मुलगा किंवा मुलगी असें कांहीं करावयास निघाली असेल, आणि एखाद्या संध्याकाळीं उतरलेल्या चेहऱ्यानें बसलेली दिसेल. आपणांस त्यांतलें यंत्र कळलें नाहीं तरी चालेल. काय परत आलें आहे तें तिच्याजवळ बसून एकदां शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहा. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.